वाटेची हमी

११४८ साली व्हेझले गावचे काही सराफ प्रोव्हँच्या जत्रेला निघाले होते. सांस ते ब्रे या राजरस्त्यावर सांसच्या व्हिकाउंटच्या मुलानं त्यांना गाठलं आणि लुटलं. त्या काळात अशी लूट नवी नव्हती. सरदाराचा मुलगा, हाताशी चार घोडेस्वार आणि समोर नाण्यांच्या थैल्या, एवढं जुळून आलं की पुढचं घडायला वेळ लागत नसे. वेगळं होतं ते त्यानंतरचं. जत्रा ज्याची होती, त्या शाम्पेनच्या काउंट दुसऱ्या थिबोनं घोडदळ धाडलं नाही. त्यानं पत्र लिहिलं.

फ्रान्सचा राजा सातवा लुई तेव्हा दुसऱ्या धर्मयुद्धासाठी पूर्वेला गेला होता आणि राज्याचा कारभार सँ-दनी मठाचे मठाधिपती स्यूजे पाहत होते. पत्र त्यांना होतं. लुटले गेलेले लोक माझ्या जत्रेला येत होते, त्यांचं सगळं परत मिळालं पाहिजे, हे असंच सोडून दिलं तर माझ्या जत्रा बुडतील आणि ते मी खपवून घेणार नाही, असा त्याचा आशय.

हे वाचताना मी ‘माझ्या जत्रा’ या शब्दांशी अडखळले. किल्ला गेला, गाव जाळलं, पोरगी पळवली म्हणून चिडलेले सरदार इतिहासात पानोपानी भेटतात. परक्या गावचे सराफ दुसऱ्याच्या हद्दीत लुटले गेले म्हणून आपली अब्रू गेली असं मानणारा सरदार मला पहिल्यांदाच भेटत होता. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सत्ता आणि वाट’ हा विषय दिला, तेव्हा मी लगेच शाम्पेनचं नाव सांगितलं. भाची पॅरिसमध्ये शिकते, त्यामुळे राहण्याची सोय होती. ‘‘मावशी, शाम्पेन म्हणजे ती बाटलीतली ना?’’ तिनं फोनवर विचारलं. प्रदेश तोच, पण बाराव्या-तेराव्या शतकात तिथली वाइन साधी असे. बुडबुड्यांची कीर्ती पुढच्या कित्येक पिढ्यांनंतरची. त्या काळी युरोपभर शाम्पेनचं नाव होतं ते जत्रांमुळे.

चढावरचं गाव

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनावरून प्रोव्हँची गाडी सुटते आणि साधारण दीड तासात पोचवते. शहर मागे पडलं की सपाट शेतं लागतात. गहू आणि बीट, मैलच्या मैल. डोंगर नाही, खिंड नाही. लुटारूला लपायला जागा कमी, पण त्याला अडवायला आडवं असंही काही नाही. इथल्या धन्याची मदार किल्ल्याच्या उंचीवर फारशी नव्हती, हे खिडकीतूनच समजायला लागतं.

प्रोव्हँ मात्र अर्धं टेकडीवर आहे. खालच्या गावात व्हुल्झी आणि द्युर्तँ या दोन छोट्या नद्यांचं पाणी खेळतं. कापड धुणारे, रंगवणारे, कातडी कमावणारे याच पाण्याच्या आधारानं राहत. वरच्या गावात तटबंदी, चर्च आणि काउंटचा बुरूज. स्टेशनवरून चढायला लागल्यावर भाची दोनदा थांबली, मी चारदा. वर पोचल्यावर दिसतो तो ‘तूर सेझार’, बाराव्या शतकातला बुरूज. खाली चौकोनी, वर अष्टकोनी. सीझरशी त्याचा संबंध नाही, नाव मागाहून चिकटलेलं. शेजारच्या सँ-किरियास चर्चचा घंटामनोरा सतराव्या शतकात कोसळला, तेव्हा त्या चर्चच्या घंटा याच बुरुजात टांगल्या. आजही त्या तिथंच आहेत. काउंटच्या पहाऱ्याच्या जागेवरून आता देवळाची घंटा वाजते.

मला जास्त वेळ लागला तो थोडं पुढं असलेल्या ‘ग्रांज ओ दीम’मध्ये. नावाचा अर्थ धर्मदायाच्या धान्याचं कोठार. धान्य त्यात नंतरच्या काळात भरलं गेलं. जत्रेच्या दिवसांत चर्चचे कॅनन, म्हणजे तिथले धर्मगुरू, ही जागा परगावच्या व्यापाऱ्यांना भाड्यानं देत, आणि दक्षिणेतल्या तुलूझचे व्यापारी इथं उतरत. वर दुकान, खाली दगडी कमानींचं तळघर. तळघरात उतरल्यावर अंगावर गारवा येतो. कापड, मिरी, मेण ठेवायला याहून बरी जागा कोणती? तिथली मार्गदर्शक बाई भिंतीवर हात ठेवून सांगत होती की गावाखाली अशी कितीतरी तळघरं आणि भुयारं आहेत. २००१ साली युनेस्कोनं प्रोव्हँला जागतिक वारशात घेतलं, ते मध्ययुगीन जत्रांचं गाव म्हणूनच. राजवाड्यासाठी किंवा एखाद्या लढाईसाठी नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आठ दिवस माल लावायचे

या जत्रा एकूण सहा. वर्षाच्या सुरुवातीला लान्यी, मग उपवासाच्या काळात बार-स्यूर-ओब, मे महिन्यात प्रोव्हँची वरच्या गावातली, उन्हाळ्यात ट्र्वाची ‘उन्हाळी’, सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा प्रोव्हँला सँतायूल चर्चपाशी, आणि वर्षअखेरीला ट्र्वाची ‘थंडीची’ जत्रा. एक संपली की दुसरी. वर्षभर चालणारा एकच बाजार चार गावांतून फिरत होता, असं म्हटलं तरी चालेल. वाटेवर असणारा व्यापारी बाराही महिने कुठं ना कुठं काउंटच्या छत्राखालीच असे.

प्रत्येक जत्रेचा क्रम ठरलेला असे. पहिले आठेक दिवस माल आणायचा, गाळे घ्यायचे, गाठी सोडायच्या. विक्री नाही. मग कापडाचे दिवस: फ्लांडर्सचं लोकरी कापड, प्रोव्हँचं स्वतःचं कापड. ‘‘आर! आर!’’ अशी आरोळी जत्रेच्या शिपायांनी दिली की कापडाची विक्री बंद. मग चामडं आणि फर. वजनावर विकायच्या जिनसा, म्हणजे मिरी, आलं, रंग, तुरटी, मेण, यांची विक्री त्याच्या जोडीनं चाले. आणि शेवटी हिशेबाचे दिवस. माल संपलेला, गाळे उतरवलेले, पण जत्रेचा खरा जीव या शेवटच्या दिवसांत असे. सराफ बाकं मांडून बसत आणि कोण कुणाला किती देणं लागतं याची वजावट होई. फ्लांडर्सच्या माणसानं जेनोव्हाच्या माणसाला कापड विकलं, जेनोव्हाच्या माणसानं तिसऱ्याला मिरी. तिघांनी पैसे मोजण्याऐवजी आकडे एकमेकांत वळते करायचे आणि उरेल तेवढंच नाण्यांत द्यायचं.

आपल्याकडे ज्यांच्या घरी हुंडीची पेढी होती, त्यांना हे समजावून सांगायला नको. जेनोव्हातला व्यापारी तिथल्या नोटरीसमोर जेनोव्हाच्या नाण्यांत कर्ज घेई आणि अमुक जत्रेला प्रोव्हँच्या नाण्यांत फेडण्याचं लिहून देई. प्रोव्हँच्या टाकसाळीतलं ‘प्रोव्हिन्वा’ हे छोटं चांदीचं नाणं इटलीत इतकं चालू लागलं की बाराव्या शतकाच्या अखेरीला रोमच्या सिनेटनं त्याच्याच नकलेची नाणी पाडली. एका मांडलिक सरदाराच्या गावचं नाणं रोमनं उचलावं! कुठल्याही विजयस्तंभापेक्षा मला ही साक्ष मोठी वाटते.

वजनाचंही तसंच. सोन्याचा आंतरराष्ट्रीय भाव आजही ट्रॉय औंसात सांगतात, ३१.१ ग्रॅमच्या. हे ‘ट्रॉय’ ट्र्वा गावावरून, तिथल्या जत्रेतल्या वजनावरून आलं असं सामान्यपणे मानलं जातं. जळगावच्या किंवा पुण्याच्या सराफी पेढीवर भावाचा फलक बदलतो, त्यामागच्या आकड्यात या गावाचं नाव दडलेलं असतं.

आता प्रश्न असा की एवढ्या परक्या माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा कशाच्या जोरावर? ‘जत्रेचे रक्षक’ नावाचे अधिकारी काउंटनं नेमलेले असत. त्यांच्यासमोर नोंदवलेलं कर्ज म्हणजे काउंटच्या शिक्क्याचं कर्ज. फेडल्याशिवाय कुणी पळाला तर रक्षक त्याच्या गावच्या कारभाऱ्यांना पत्र पाठवत: तुमच्या माणसाला धरा, नाहीतर त्याची मालमत्ता विकून पैसे पाठवा. ऐकलं नाही तर त्या गावच्या एकूण एक व्यापाऱ्याला शाम्पेनच्या जत्रा बंद. एकाचं बुडवणं सगळ्या गावाला भोवणार म्हटल्यावर गावच त्या एकाच्या मागं लागे. कठोर होतं, आणि निरपराधाचाही त्यात बळी जाई. पण शेकडो कोसांवरच्या इटालियन शहरात ज्याचा एक शिपाई नाही, त्या काउंटचा शब्द तिथं चालत होता तो असा.

वाटेवरच्या संरक्षणाला ते ‘काँद्वी’ म्हणत. मराठी दप्तरांतला ‘कौल’ हा शब्द मला त्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो. बेलाशक ये, तुला आमचं अभय आहे, असं धन्यानं दिलेलं वचन. काउंटचा कौल त्याच्या हद्दीपुरता असता तर त्याला फारसा अर्थ नव्हता. म्हणून तो शेजाऱ्यांकडून वाट मागत राहिला, आणि १२०९ साली खुद्द राजा फिलिप ऑग्युस्तनं जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतःचं अभय दिलं. पत्र लिहिणाऱ्या थिबोच्या नातसुनेच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. तिच्याकडे येतेच.

जोडून जोडून केलेली काउंटी

नकाशावर शाम्पेन एकसंध रंगवलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते गोधडीसारखं होतं. काही तुकडे काउंटला फ्रान्सच्या राजाकडून मिळालेले, काही जर्मन सम्राटाकडून, काही बर्गंडीच्या ड्यूककडून, काही रँसच्या आर्चबिशपकडून आणि इतर बिशपांकडून. प्रत्येक तुकड्यासाठी त्या त्या धन्यासमोर गुडघे टेकून, जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन, ‘मी तुमचा माणूस’ असं म्हणायचं. आणि आपल्या खालच्या शेकडो सरदारांकडून तेच म्हणवून घ्यायचं.

११२५ साली काउंट ह्यूग सगळं सोडून जेरुसलेमला टेम्पलर योद्ध्यांच्या संघात गेला. त्यानंच दहा वर्षांपूर्वी बर्नार नावाच्या तरुण साधूला क्लेअरवोच्या मठासाठी जमीन दिली होती. पोटच्या मुलाला त्यानं वारस मानलं नाही. काउंटी पुतण्या थिबोला दिली. हाच आपला पत्र लिहिणारा थिबो. ११५२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याकडे ब्ल्वा आणि शार्त्र ही घराण्याची जुनी, मानाची ठाणीही होती. रिवाजाप्रमाणे थोरल्यानं ती घ्यायची. थोरल्या आँरीनं शाम्पेन घेतलं आणि ब्ल्वा धाकट्या भावाकडे गेलं. लोकांना तेव्हा नवल वाटलं असेल. जत्रा कुठं भरत होत्या हे आँरीला माहीत होतं.

हा आँरी इतिहासात ‘ल लिबेराल’, म्हणजे दानशूर, म्हणून ओळखला जातो. त्याच्या दातृत्वाची एक गोष्ट झ्वॅंव्हील या शाम्पेनच्याच सरदारानं मागाहून लिहून ठेवली आहे. एक गरीब सरदार दोन मुलींच्या लग्नासाठी हुंडा मागायला काउंटपुढे गुडघे टेकून बसला. शेजारी उभा होता नोजाँचा आर्तो, काउंटच्या कारभारातला गडगंज माणूस. तो म्हणाला, धन्यानं इतकं वाटलंय की आता द्यायला काही उरलेलं नाही. काउंट वळून म्हणाला, खोटं. अजून तू उरला आहेस. आर्तो जन्मानं काउंटचा कूळदास होता. काउंटनं त्यालाच देऊन टाकलं. सरदारानं त्याचा अंगरखा धरला आणि पाचशे लिव्हर वसूल होईपर्यंत सोडला नाही. ऐकणारे त्या काळी हसले असतील. मला त्यात दुसरंच दिसतं: ज्याच्या हातात खजिना होता, त्या माणसावर मालकी हक्क सांगता येत होता आणि तो एका वाक्यात दुसऱ्याला देता येत होता. अभय व्यापाऱ्याला होतं. घरच्या माणसाला नव्हतं.

पण आँरीचं खरं काम दानापेक्षा नोंदींचं. ११७८च्या सुमारास त्यानं आपल्या सगळ्या सरदारांची मोजदाद करवली. कोण आपला माणूस, कुणाच्या ठाण्याखाली, कुणी किल्ल्यावर किती दिवस पहारा द्यायचा. सुमारे १९०० नावं त्या यादीत आली. काहींना तो जमिनीऐवजी जत्रेच्या उत्पन्नातून दरसाल रोकड लावून देई. जमीन वाटली की संपते, जत्रेचं उत्पन्न दर वर्षी येतं. आपल्याकडे मोकासा लावून देत तसंच, फक्त महसूल गावाचा नसून बाजाराचा.

नणंद तीच सावत्र आई

आँरीची बायको मारी, राजा सातवा लुई आणि अकितेनची एलेनोर यांची मुलगी. तिची नाती उलगडायला कागद लागतो. लुईनं पुढं आँरीच्या बहिणीशी, आदेलशी लग्न केलं. म्हणजे मारीची नणंद हीच तिची सावत्र आई. आदेलचा मुलगा फिलिप ऑग्युस्त, पुढचा राजा, हा मारीचा सावत्र भाऊ आणि नवऱ्याचा सख्खा भाचा. एलेनोरनं इंग्लंडच्या भावी राजाशी दुसरं लग्न केलं, तेव्हा सिंहहृदयी रिचर्ड हाही मारीचा सावत्र भाऊ. हे दोन राजे पुढं एकमेकांशी लढले. दोघांची बहीण ट्र्वाला राहत होती.

तिच्या आश्रयानं क्रेतियाँ द ट्र्वानं लान्सलॉटची कथा लिहायला घेतली. आर्थर राजाच्या गोष्टी जगभर गेल्या त्यात त्याचा वाटा मोठा, म्हणून मारीचं नाव साहित्याच्या इतिहासात राहिलं. कारभाराच्या इतिहासात ते तितकंच ठळक असायला हवं. आँरी ११७९ मध्ये पूर्वेला गेला, परतीच्या वाटेवर तुर्कांच्या हाती सापडला, बायझंटाइन सम्राटानं खंडणी भरून सोडवला आणि मार्च ११८१ मध्ये घरी पोचल्यावर आठवडाभरात वारला. मुलगा लहान. मारीनं ११८७ पर्यंत कारभार केला. मुलगा दुसरा आँरी मोठा झाला आणि ११९० मध्ये तोही पूर्वेला गेला. तिथं त्यानं जेरुसलेमच्या राणीशी लग्न केलं, आणि सप्टेंबर ११९७ मध्ये अकरच्या वाड्याच्या खिडकीतून पडून मेला. मारी पुन्हा एकदा कारभारावर होती. मुलाच्या मागोमाग काही महिन्यांतच तीही गेली.

मग धाकटा, तिसरा थिबो. त्याची बायको ब्लाँश, स्पेनच्या सीमेवरच्या नाव्हार राज्याची राजकन्या. चौथ्या धर्मयुद्धाचा नेता म्हणून थिबोची निवड झाली होती. निघण्याआधीच मे १२०१ मध्ये तो बावीस वर्षांचा असताना वारला. ब्लाँशचे दिवस भरत आले होते. परका मुलूख, नवरा गेलेला, पोटातलं मूल मुलगा की मुलगी माहीत नाही. तशा अवस्थेत तिनं राजा फिलिप ऑग्युस्तला गाठलं आणि काउंटीसाठी त्याची ‘माणूस’ होण्याची शपथ घेतली. त्याच्या संमतीशिवाय पुन्हा लग्न करणार नाही असं लिहून दिलं. आधी झालेली लेक त्याच्या देखरेखीखाली दिली. हमी म्हणून ब्रे आणि माँतरो ही दोन ठाणी सोडली. थिबो गेल्याला आठवडा व्हायच्या आत मुलगा जन्मला. त्याचंही नाव थिबो ठेवलं.

भाची हे ऐकताना गप्प झाली होती. मग म्हणाली, ‘‘मावशी, म्हणजे तिनं सगळंच देऊन टाकलं?’’

नाही. तिनं वेळ विकत घेतला. पुढची एकवीस वर्षं तिनं शाम्पेन चालवलं. पूर्वेत मेलेल्या दुसऱ्या आँरीची मुलगी फिलिपा हिच्याशी एरार द ब्रिएन या सरदारानं लग्न केलं आणि काउंटीवर दावा लावला. न्याय कुणाच्या बाजूनं होता? सरळ पाहिलं तर थोरल्या भावाच्या मुलीचा हक्क आधी. ब्लाँशच्या बाजूचं म्हणणं असं की फिलिपाच्या आईचा पहिला नवरा जिवंत होता, म्हणून हे लग्नच बेकायदा. हे सिद्ध करायला तिनं पोपकडे चौकशी लावली, साक्षी गोळा केल्या, राजाला मोठी रक्कम देऊन मुलगा वयात येईपर्यंत दावा ऐकला जाऊ नये असं ठरवून घेतलं. जुलै १२१६ मध्ये मलँ इथं राजाच्या दरबारानं तिच्या बाजूनं निकाल दिला. एरारनं आणि काही बड्या सरदारांनी तरी तलवार उपसली, तेव्हा ब्लाँश स्वतः फौजेबरोबर निघाली. लोरेनचा ड्यूक एरारच्या बाजूला गेला होता. १२१८ मध्ये तिच्या पक्षानं त्याचं नान्सी जाळलं. १२२२ पर्यंत एरारनं पैसे आणि वार्षिक उत्पन्न घेऊन दावा सोडला.

या सगळ्या काळात ती प्रत्येक पत्र, प्रत्येक शपथ, प्रत्येक करार नकलून वहीत उतरवून घेत होती. तिच्या नावाच्या वहीत चारशेहून अधिक पत्रं आहेत. फिलिपाच्या हक्काबद्दल माझ्या मनात अजून सल आहे. कायद्याच्या भाषेत एका मुलीला अनौरस ठरवून ही लढाई जिंकली गेली. तरी ब्लाँशबद्दलचा आदर कमी होत नाही. जत्रांना राजाचं अभय मिळालं तेही तिच्याच कारकिर्दीत. मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा तिनं कारभार त्याच्या हाती दिला आणि स्वतः वसवलेल्या आर्जांसोलच्या मठात निघून गेली. १२२९ मध्ये तिथंच वारली.

गाणी आणि टेकडी

हा चौथा थिबो कवी होता. साठेक गाणी त्याच्या नावावर आहेत, आणि दान्तेनं आपल्या भाषाविषयक ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. मामाच्या मृत्यूनंतर १२३४ मध्ये तो नाव्हारचा राजाही झाला. धर्मयुद्धावरून येताना त्यानं प्रोव्हँचा लाल गुलाब आणला अशी आख्यायिका गावात सांगतात. दुकानांत गुलाबाचा मुरंबा आणि सरबत मिळतं. मी मुरंबा घेतला.

त्याच्या कारभारातली एक गोष्ट मुरंब्यापेक्षा जास्त वेळ लक्षात राहील. १२३० मध्ये त्यानं ट्र्वा आणि प्रोव्हँच्या लोकांना सनद दिली. धन्याच्या लहरीप्रमाणे वसूल होणारी पट्टी बंद. त्याऐवजी प्रत्येकानं शपथेवर आपली मालमत्ता सांगायची आणि जंगम मालमत्तेवर लिव्हरला सहा दनिए, स्थावरावर दोन दनिए भरायचे. एका लिव्हरचे २४० दनिए. म्हणजे जंगमावर शेकडा अडीच, स्थावरावर एकाहूनही कमी. ज्याला शपथेवर मालमत्ता सांगायची नसेल त्यानं वर्षाला वीस लिव्हर एकरकमी भरून मोकळं व्हावं. किती घेणार हे आधी सांगणं, हीसुद्धा एक हमीच.

आणि याच थिबोच्या डोळ्यांदेखत १३ मे १२३९ रोजी माँ-एमे टेकडीवर १८३ माणसं जिवंत जाळली गेली. चर्चच्या दृष्टीनं ते पाखंडी होते. धर्मन्यायाधीश रोबेर यानं त्यांची चौकशी केली होती, बिशप जमले होते आणि काउंट हजर होता. त्या टेकडीवर त्याच्या आईनं, ब्लाँशनं किल्ला बांधवला होता. आज भोवती द्राक्षांचे मळे आहेत. परक्या देशच्या सराफाला वाटेवर धक्का लागू नये म्हणून जीव टाकणाऱ्या घराण्यानं आपल्याच प्रजेतल्या माणसांना हे संरक्षण नाकारलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या, आणि एक सांगून दुसरी गाळणं मला जमणार नाही.

ट्र्वाच्या ज्यूंचंही तेच. याच गावात १०४० मध्ये जन्मलेले राशी हे बायबल आणि तालमूदचे थोर भाष्यकार. त्यांच्या भाष्यात अवघड हिब्रू शब्दांचे अर्थ जुन्या फ्रेंचमध्ये दिलेले सापडतात. त्या काळची शाम्पेनची बोली कळायला आज त्याचा आधार होतो. काउंटांनी ज्यूंना ठेवून घेतलं, त्यांच्याकडून कर घेतला, आणि ‘तुमचे ज्यू आम्ही ठेवणार नाही, आमचे तुम्ही ठेवू नका’ असे करार राजाबरोबर केले. तिथं ‘आमचे’ या शब्दात माया नव्हती, मालकी होती. १२८८ मध्ये ट्र्वाला तेरा ज्यू जाळले गेले. तोवर काउंटी राजाच्या घरात गेलेली होती.

शेवटची वारस

ती गेली लग्नातून. चौथ्या थिबोचा मुलगा पाचवा थिबो १२७० मध्ये धर्मयुद्धाहून परतताना सिसिलीत वारला. त्याचा भाऊ तिसरा आँरी चार वर्षांत गेला. मागे राहिली एक वर्षाची जान. तिची आई तिला घेऊन नाव्हारमधून फ्रान्सच्या राजाच्या आश्रयाला आली, आणि पोरीचं लग्न राजपुत्राशी ठरलं. जान वयात येईपर्यंत तिचे सावत्र वडील, इंग्लंडच्या राजाचे भाऊ एडमंड, कारभार बघत. याच काळात प्रोव्हँच्या विणकरांना कामाचे तास वाढवल्याचा राग आला. काम सुटल्याची घंटा उशिरा वाजू लागली होती. दंगल झाली, मेयर मारला गेला आणि मग गावाला जबर शिक्षा झाली.

ऑगस्ट १२८४ मध्ये अकरा वर्षांच्या जानचं लग्न झालं. पुढच्या वर्षी नवरा चौथा फिलिप म्हणून राजा झाला. काउंटी जानच्या नावावर राहिली, पण कारभार पॅरिसहून चालू लागला. जत्रा एका दिवसात मोडल्या नाहीत. जेनोव्हाची गलबतं जिब्राल्टर वळसा घालून थेट फ्लांडर्सला जाऊ लागली. मोठ्या इटालियन पेढ्यांनी परगावी कायमचे मुनीम ठेवले. राजाचं फ्लांडर्सशी युद्ध जुंपलं आणि इटालियन व्यापाऱ्यांवर त्यानं करांचा आणि जप्तीचा मारा केला. यातलं कुठलं कारण मोठं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. माझं मत राजाला दोष देण्याकडे झुकतं. व्हेझलेचे सराफ लुटले गेल्यावर ज्याला घाम फुटला होता, त्याचा खजिना त्या सराफांवर चालत होता. राजाला उत्पन्नाच्या वाटा पुष्कळ होत्या. सराफ लुबाडणं ही त्यातली एक.

कालव्यापाशी

ट्र्वाला आम्ही शेवटी गेलो. गावात लाकडी चौकटीची सुंदर घरं आहेत, पण ती १५२४च्या आगीनंतरची. काउंटांच्या काळचं गाव शोधायला गल्ल्यांच्या आखणीकडे आणि पाण्याकडे बघावं लागतं. सेनचं पाणी त्यांनी पाटांनी गावात फिरवलं होतं, गिरण्यांसाठी, चामडेवाल्यांसाठी.

आँरीनं आपल्या वाड्याला लागूनच ११५७ मध्ये सँतेत्येन नावाचं चर्च उभारलं होतं. तिथले कॅनन त्याचे चिटणीस आणि हिशेबनीस. प्रार्थना आणि दप्तर एका छपराखाली. चर्चच्या मध्यभागी आँरीची कबर, चांदीनं आणि सोनेरी ब्राँझनं मढवलेली, आणि तिच्याजवळ तिसऱ्या थिबोची, जी ब्लाँशनं घडवून घेतली होती. क्रांतीच्या काळात १७९४ मध्ये दोन्ही वितळवल्या. चर्चही पाडलं गेलं, वाडाही गेला. कबरींवरच्या मीनाकारीचे म्हणून दाखवले जाणारे काही तुकडे कॅथीड्रलच्या खजिन्यात आहेत.

उरलंय ते आँरीनं काढलेलं रुग्णालय. इमारत अठराव्या शतकातली, समोर निळ्या-सोनेरी लोखंडी फाटकाचं भव्य तोंड. आत आता रंगीत काचचित्रांचं संग्रहालय आहे आणि जुन्या औषधशाळेत रंगवलेल्या लाकडी पेट्या रांगेनं मांडलेल्या आहेत. नाव अजून तेच: ओतेल-द्यू-ल-कोंत.

भाचीनं फाटकापाशी नाव मोठ्यानं वाचलं. ‘‘कोंत म्हणजे काउंट. हा आपलाच ना गं, मावशी?’’

‘‘हाच.’’

‘‘आणि त्याचा वाडा?’’

मी शेजारच्या कालव्याकडे बोट केलं. काठाच्या दगडी कठड्यावर शाळेतली मुलं पाय सोडून बसली होती, आणि पाणी संथ होतं.